रियासीचं लिथियम जनसुनावणीत अडलेलं नाही

एक लांबलचक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला. शेवटचा आमच्या मोठ्या मामांकडून, खाली हात जोडल्याच्या चित्रासकट. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आपल्या जमिनीत लिथियमपासून रेअर अर्थपर्यंत (चुंबकांना लागणारे सतरा धातू) सगळं आहे. जम्मूतल्या एकट्या रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडलं. पण १९५७ चा जुनाट खाण कायदा, पर्यावरणाच्या मंजुऱ्या आणि गावोगाव माइक हातात घेणारे एनजीओवाले यांनी सगळं अडवून ठेवलं, म्हणून आपण चीनपुढे हात पसरतो. सरकारने आता कायदा सुधारला, जनसुनावणीची, म्हणजे मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकून घेण्याची, कटकट काढली. हवामान बदलाविरुद्धचं हे सगळ्यांत मोठं पाऊल आहे. गोव्यात काय झालं ते बघा. खाणीचा पैसा गावालाच मिळतो. आणि पटत नसेल तर आधी हातातला मोबाइल फेकून द्या.

मामांना फोनवर अर्धं सांगून झालं, तर म्हणाले, "हे असं नाही, नीट लिहून पाठव, मी ग्रुपवर टाकतो." म्हणून हे.

आधी एक सांगून टाकतो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचा. आमच्या नात्यात खाणीत नोकरी करून निवृत्त झालेली माणसं आहेत आणि खाणीत जमीन गेलेलीही आहेत. एका घरात तर दोन्ही. त्यामुळे खाण नकोच असं म्हणणारा मी नव्हे. लिथियम लागणार आहे, तांबं लागणार आहे, आणि ते कुठून तरी खणूनच काढावं लागणार आहे. मोबाइलचं उत्तर यातच आलं.

"रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडलं"

९ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राच्या खाण मंत्रालयाने जम्मू-काश्मीरमधल्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमना भागात, ५९ लाख टनांचा 'अनुमानित' साठा असल्याचं जाहीर केलं. अनुमानित हा शब्द त्या निवेदनातच होता. टीव्हीपर्यंत जाताना तो गळाला आणि व्हॉट्सॲपवर तर 'सापडलं' झालं.

खनिजाचा शोध चार पायऱ्यांनी घेतात, जी-४ पासून जी-१ पर्यंत. जी-४ म्हणजे टेहळणी. जी-१ म्हणजे ठरावीक अंतरावर ड्रिलिंग करून खाली किती आहे, कसं आहे, याचा पक्का हिशेब. रियासी तेव्हा जी-३ वर होतं. पाणाड्याने शेतात नारळ फिरवून "इथं लागेल" म्हणावं, त्याच्यापेक्षा हे बरंच शास्त्रशुद्ध, पण एवढ्यावर मोटारपंपाचं कर्ज कोणी काढत नाही.

याहून मोठी चूक पुढे आहे. ५९ लाख टन हे लिथियमचं वजन नव्हेच. ते लिथियम असलेल्या खडकमातीचं वजन आहे आणि तिच्यात धातूचा अंश टक्क्याच्याही खाली. फॉरवर्डमध्ये मात्र हा आकडा चिलीच्या आकड्याशेजारी ठेवून 'जगात अमुक क्रमांक' काढलाय, आणि चिलीचा आकडा शुद्ध लिथियमचा आहे. मामा, अख्खी पराटी (कपाशीचं झाड) मुळासकट उपटून काट्यावर ठेवायची आणि शेजाऱ्याच्या रुईच्या गाठींशी बरोबरी सांगायची, तसा हा हिशेब.

मग ते लिथियम अडलं कुठे? २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने महत्त्वाच्या खनिजांच्या २० ब्लॉकचा पहिला लिलाव काढला. त्यात रियासी होतं. पहिल्या फेरीत किमान तीन पात्र बोलीदार लागतात. तेवढे आले नाहीत. ब्लॉक पुन्हा लिलावाला काढला, पुन्हा तीच गत. कंपन्यांना तिथली माहिती अपुरी वाटली. डोंगराळ, भूकंपप्रवण भाग आणि त्यात मातीच्या जातीचं खनिज, ज्यातून लिथियम काढण्याचं काम जगातही व्यापारी पातळीवर अजून फारसं झालेलं नाही. रियासीच्या फाइलने पर्यावरण मंत्रालयाची पायरीही चढली नाही. जनसुनावणीचा मंडप तर फार लांब.

त्याच कायद्याखाली, त्याच लिलावांत छत्तीसगडच्या कोरबा जिल्ह्यातला कटघोरा ब्लॉक २०२४ च्या जूनमध्ये गेला. गेला तो ७६.०५ टक्के प्रीमियमने. याचा अर्थ असा की शंभर रुपयांचं खनिज निघालं की ७६ रुपये राज्य सरकारला, वर रॉयल्टी वेगळी. इतका भाव द्यायला कोणी तयार होतं. माल पटला की गिऱ्हाईक येतं, हे दोन्ही ब्लॉक शेजारी ठेवले की दिसतं.

फॉरवर्डमध्ये राजस्थानातल्या डेगाण्याचाही उल्लेख आहे, 'रियासीहून मोठा साठा' म्हणून. ती बातमी मे २०२३ मधली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती लगेच निराधार ठरवली होती. खुलासा फिरत नाही, बातमी फिरत राहते.

"१९५७ चा जुनाट कायदा"

कायद्यावरचं साल १९५७ आहे हे खरं. पण २०१५ पासून त्यात किती वेळा बदल झाले ते मोजा: २०१५, २०१६, २०२०, २०२१, २०२३, २०२५. दहा वर्षांत सहा. एवढ्या वेळा फाळ बदलला तर त्याला आजोबांचा नांगर म्हणत नाहीत.

यातले काही बदल खरोखर चांगले आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. २०२३ च्या दुरुस्तीने लिथियमसह सहा खनिजं अणुखनिजांच्या यादीतून बाहेर काढली, नाहीतर खासगी कंपनीला त्यांना हातच लावता येत नव्हता. खोलवरच्या खनिजांसाठी 'शोध परवाना' आणला, म्हणजे नुसतं शोधणाऱ्यालाही काही मिळेल अशी सोय केली. हे आधीच व्हायला हवं होतं. २०२५ च्या दुरुस्तीने कंपनीच्या स्वतःच्या वापरासाठी दिलेल्या खाणीतून निम्म्यापेक्षा जास्त माल बाहेर विकण्यावरची मर्यादा उठवली आणि शोधाच्या निधीत रॉयल्टीच्या दोनऐवजी तीन टक्के भरायला सांगितलं. त्यावर वाद होऊ शकला असता. पण झाला नाही. २०२३ चं विधेयक लोकसभेत मणिपूरच्या गदारोळात पास झालं आणि २०२५ चं बिहारच्या मतदारयाद्यांच्या. सत्ताधाऱ्यांना घाई होती आणि विरोधकांना घोषणा द्यायच्या होत्या. ज्यांनी बोलायला हवं होतं तेही बोलले नाहीत, ही तक्रार माझी दोघांबद्दल आहे.

आणि कायदा खाणी अडवतो म्हणणाऱ्याने कोळशाचे आकडे बघावेत. २०१४-१५ मध्ये देशात सुमारे ६१ कोटी टन कोळसा निघाला. २०२४-२५ मध्ये १०४ कोटी टनांच्या वर. पर्यावरण मंजुरी होती, वन कायदा होता, जनसुनावणीही होती. या सगळ्या 'कटकटी' होत्या त्या दहा वर्षांत उत्पादन पाऊणपट वाढलं. अडवणारा कायदा असा असतो का?

"म्हणून आपण चीनवर अवलंबून"

हे वाक्य सगळ्यांत जास्त शेअर होतं, कारण त्याचा निम्मा भाग खरा आहे. अवलंबून आहोत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हा आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कारखान्यांना धास्ती भरली.

पण 'म्हणून' चुकीचं आहे. रेअर अर्थच्या साठ्यांत भारत जगात तिसऱ्या क्रमांकावर धरला जातो, सुमारे ६९ लाख टन. केरळ, तमिळनाडू, आंध्र, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थचं खनिज आहे आणि ते काढणारी सरकारी कंपनी आयआरईएल १९५० पासून आहे. जमिनीत माल आहे आणि काढणाराही आहे. नाही ते पुढचं: सतरा एकसारख्या मूलद्रव्यांना एकमेकांपासून वेगळं करणं, त्यांचा धातू करणं, धातूचं मिश्रण आणि मिश्रणाचं चुंबक. चीनची खरी पकड इथे आहे. जगातलं सुमारे ९० टक्के शुद्धीकरण त्यांच्याकडे होतं. आपली स्थिती अशी की आयआरईएल २०१२ च्या करारानुसार जपानला माल पाठवत होती, कारण त्याचं चुंबक करणारा कारखाना इथे नव्हता. ती निर्यात थांबवायला सांगितल्याच्या बातम्या २०२५ च्या जूनमध्ये आल्या.

कापूस आपला, गिरणी मँचेस्टरची. ही गोष्ट आपण शाळेत शिकलोय, पण तेव्हा कुणी असं नाही म्हटलं की कापूस आणखी पेरा म्हणजे प्रश्न सुटेल.

सरकारलाही हे कळलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकांच्या कारखान्यांसाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली, वर्षाला ६,००० टन चुंबकांचं लक्ष्य ठेवून. सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या बॅटऱ्या आणि ई-कचऱ्यातून खनिजं परत मिळवण्यासाठी १,५०० कोटींची. खरं औषध या दोन योजनांमध्ये आहे, आणि तीन पानी फॉरवर्डमध्ये दोन्हींचा पत्ता नाही. असता तर सरकारची बाजू मांडणाऱ्याचंच काम सोपं झालं असतं.

"गोव्यात एनजीओंनी खाणी बंद पाडल्या"

गोव्याबद्दल बोलताना तारखा बघाव्या लागतात. पोर्तुगिजांनी दिलेल्या खाणींच्या सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द झाल्या आणि त्यांचं खाणपट्ट्यांत रूपांतर झालं. त्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली. त्यानंतर २०१२ पर्यंत खाणी चालू राहिल्या. कशाच्या आधारावर? नूतनीकरणाचा अर्ज पडून आहे, एवढ्या आधारावर. चीनला लोखंडाची भूक होती. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज निर्यात झालं. सावर्डे-कुडचडे रस्त्यावरून ट्रकांची रांग तुटत नसे, हे तिथल्या कुणालाही विचारा.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारनेच खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की २००७ नंतरचं सगळं खाणकाम बेकायदा होतं. पण पुढे खाण नकोच, असं म्हटलं नाही. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकायला सांगितली.

आता गंमत बघा. लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा अध्यादेश १२ जानेवारी २०१५ ला निघाला. तो निघायच्या आत, २०१४ च्या शेवटापासून त्या दिवसापर्यंत, गोवा सरकारने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण उरकलं, जुन्याच मालकांना, लिलावाशिवाय. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने या घाईवर ताशेरे ओढत सगळी नूतनीकरणं रद्द केली आणि मार्चच्या मध्यात खाणी पुन्हा थांबल्या. अर्ज करणारी संस्था होती, बरोबर. पण नव्या कायद्याला बगल देण्याची घाई झाली नसती, वेळेत लिलाव झाले असते, तर २०१८ ची बंदी आली नसती. लिलाव शेवटी २०२२ मध्ये सुरू झाले. मधल्या काळात ट्रकांचे हप्ते थकले, गॅरेजं बंद पडली, ती माणसं खरोखर होरपळली. त्यांच्या रागाचा पत्ता फॉरवर्डने चुकीचा लिहिलाय, एवढंच माझं म्हणणं.

"पैसा गावालाच मिळतो"

यावर फार लिहीत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या भागासाठी जिल्ह्याचा निधी, ही २०१५ च्या दुरुस्तीतली चांगली कल्पना. जुन्या पट्ट्यांच्या रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावातल्या पट्ट्यांच्या १० टक्के रक्कम त्यात येते. देशभरात आजवर लाख कोटींच्या वर जमा झालेत आणि मोठा हिस्सा अजून खर्च व्हायचाय. खर्च काय झाला तेही बघायचं असेल तर आपापल्या जिल्ह्याच्या यादीत सुशोभीकरण, प्रवेशद्वार आणि पेव्हर ब्लॉक शोधा. जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी किमान ७० टक्के रक्कम पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांसाठी बांधून दिली, तेव्हा थोडा फरक पडावा.

आमच्याकडे कोळशाच्या रस्त्याला लागून ज्यांचं वावर आहे त्यांना या निधीचं नाव माहीत नसतं, पण दुसरा हिशेब पाठ असतो. हायवांची (मोठ्या डंपरांची) धूळ उडते ती पराटीवर बसते. नोव्हेंबरात बोंडं फुटतात आणि धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) आठ-दहा ओळींतला कापूस राखाडी निघतो. घरची बाई तो वेगळा वेचते, वेगळ्या गाठोड्यात बांधते. चांगल्या कापसात मिसळला तर व्यापारी सगळ्याच गाडीचा भाव पाडतो. हे गाठोडं कुठल्याच अहवालात येत नाही.

"हवामानासाठीच तर चाललंय"

इथे मला खरा राग येतो, कारण हवामानासाठी खाणीवर लावलेली एकच ठोस गोष्ट या देशात होती आणि तिचं काय झालं हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीतही नसावं.

२०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनाला ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. प्रदूषण करणाऱ्या इंधनाने स्वच्छ ऊर्जेचा खर्च उचलावा, अशी सरळ कल्पना. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. जगात ज्याला कार्बन कर म्हणतात त्याच्या जवळ जाणारं काहीतरी आपल्याकडे होतं आणि आपण त्याबद्दल परदेशांत छाती काढून सांगतही होतो. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर राज्यांच्या महसूल भरपाईत वळवला. नाव बदललं, पैसा वाऱ्या-उन्हाच्या विजेऐवजी राज्यांची तूट भरायला गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही गेला. बदल्यात कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला.

"म्हणजे कर वाढलाच की," मामा म्हणाले. नाही वाढला. टनाला १,५०० रुपयांचा कोळसा घ्या. आधी ५ टक्क्यांचे ७५ आणि उपकराचे ४००, मिळून ४७५ रुपये. आता १८ टक्क्यांचे २७०. टनामागे २०५ रुपये कमी झाले. साधारण ३,०७७ रुपयांच्या वरचा महाग कोळसा असेल तरच कर वाढतो. वीज केंद्रांत जळणारा देशी कोळसा बहुतेक स्वस्तातलाच. म्हणजे जास्त राखेचा, कमी उष्मांकाचा कोळसा करात जास्त सुटला. वीज थोडी स्वस्त होईल, हे मला कळतं आणि घरी बिल येतं तेव्हा आवडेलही. पण मग याच्या जोडीला हवामानाचं नाव घेऊ नये.

दुसरं, ती यादी. २०२३ च्या दुरुस्तीने 'महत्त्वाच्या आणि सामरिक' २४ खनिजांची यादी कायद्याला जोडली. लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्रॅफाइट, रेअर अर्थ त्यात आहेत, बॅटरी आणि पवनचक्क्यांना लागणारे. पण पोटॅश, फॉस्फेट आणि ग्लॉकोनाइटही आहेत. ही खतांची खनिजं. शेतीला लागतात, आयात करावी लागतात, यादीत असायला माझी हरकत नाही. मात्र 'हवामानासाठी सवलत' असं म्हणून जी सवलत मिळते ती या सगळ्यांनाच मिळते.

हवामानाच्या बाबतीत देशाने काहीच केलं नाही असंही नाही. २०३० पर्यंत विजेची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची करायचं वचन २०२५ मध्येच पुरं झालं. ते सौर लिलावांनी झालं, राजस्थान-गुजरातच्या उन्हाने झालं. कोणत्या गावाची जनसुनावणी रद्द केल्याने नव्हे.

"जनसुनावणीची कटकट काढली"

हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला.

काढली ती कायद्याने नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढलं: अणुखनिजं आणि वरच्या यादीतली खनिजं यांच्या खाणींना जनसुनावणी लागणार नाही, आणि खाण लहान असो की मोठी, तिची छाननी दिल्लीतच होईल. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत संरक्षण आणि 'इतर सामरिक बाबीं'साठी सुटीची एक खिडकी होती, तिच्यातून हे आलं. संसदेत मांडलं गेलं नाही. फॉरवर्ड ज्याला 'ऐतिहासिक कायदा सुधारणा' म्हणतो, ते एका अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र आहे.

आणि वेळ किती वाचला? २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे अर्ज आल्यापासून ४५ दिवसांत राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुनावणी उरकायची असते. त्यातले ३० दिवस नोटिशीचे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने जगात खनिज सापडल्यापासून खाणीतून पहिला माल निघेपर्यंत सरासरी सोळा वर्षांहून जास्त लागतात, आणि त्यातली बारा-एक वर्षं शोध आणि व्यवहार्यतेच्या अभ्यासात जातात. सोळा वर्षांतले ४५ दिवस. घर बांधायला उशीर होतोय म्हणून वास्तुशांतीचा दिवस रद्द करण्यातली ही बचत.

बरं, सुनावणीत गावाने नको म्हटलं की खाण अडते, हाही गैरसमज. सुनावणीला नकाराधिकार नाही. तिला गणपूर्तीही लागत नाही. अधिसूचनेत तसं स्पष्ट लिहिलंय, चार माणसं आली तरी ती होते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, चित्रीकरण, शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं, आणि ते वर पाठवायचं. बस. ओडिशात नियमगिरीला २०१३ मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइटला नकार दिला तो वनहक्क कायद्याखाली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, जनसुनावणीतून नव्हे. वनहक्क आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) यांतला ग्रामसभेचा अधिकार या ज्ञापनाने काढलेला नाही, तेही सांगायला हवं. पण जिथे वन नाही, अनुसूचित क्षेत्र नाही, तिथे गावाला बोलायची सरकारी जागा ही एकच होती.

ती जागा आदर्श होती असं कोण म्हणतं? सुरजागडच्या खाणीचं उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवरून एक कोटी टनांवर न्यायचं होतं तेव्हा २०२२ ची सुनावणी गडचिरोली शहरात झाली. एटापल्ली तालुक्यातल्या खाणीजवळच्या माणसाने त्यासाठी शंभराहून जास्त किलोमीटर यायचं. दुरुस्तीच करायची तर इथे होती: सुनावणी गावात घ्या, अहवाल वाचता येईल अशा मराठीत द्या.

मी स्वतः एकाच सुनावणीला बसलोय. कुठली, कुणाची, ते राहू द्या. मंडप, हिरवी चटई, पुढच्या दोन रांगांत कंपनीने आणलेली माणसं, मागे पोलीस. मराठी सारांश असा होता की मलाच कळेना. एका वाक्यात 'पायाभूत रेषा माहितीचे संकलन' तीनदा. दीड तास भाषणं झाली, अर्धी राजकीय. मग एक म्हातारे गृहस्थ उठले. त्यांनी खाणीच्या बाजूने की विरोधात, काहीच सांगितलं नाही. नकाशा हातात घेऊन विचारलं, "हा जो कोरडा नाला दाखवला आहे, तो कोणत्या महिन्यात पाहिला?" सल्लागार कंपनीच्या मुलाने कागद चाळून सांगितलं, मे. म्हातारे म्हणाले, "मेमध्ये माझी विहीरपण कोरडी असते बाबू. ऑगस्टात ये. तीन गावांची गुरं त्या नाल्यावर पितात, आणि तुमचा मातीचा ढीग त्याच्या तोंडावर आहे." अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. पुढे ढिगाऱ्याची जागा बदलली, एवढं मला माहीत आहे. खाण झालीच.

दिल्लीतल्या छाननी समितीतले तज्ज्ञ माझ्याहून फार शिकलेले आहेत. पण त्यांच्यापुढे मे महिन्यातला नकाशा असतो. सिंधुदुर्गात कळण्याला जुलै २०२१ मध्ये खाणीचा बांध फुटून लाल चिखलाचं पाणी घरांत आणि बागायतीत शिरलं. कोणत्या पावसात पाणी कुठून उतरतं, हे त्या उतारावर राहणाऱ्यालाच माहीत असतं, आणि त्याला ते फुकटात सांगायचं असतं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू काळी दिसते. ते इल्मेनाइट, टायटॅनियमचं खनिज. टायटॅनियमची खनिजं यादीत आहेत. उद्या तिथे कोणी खाणीचा प्रस्ताव आणलाच, तर मंडप पडणार नाही, नोटीस लागणार नाही, दालदी मच्छीमारांच्या वस्तीतल्या कुणाला नकाशा हातात घेऊन महिना विचारता येणार नाही. मंजुरी मिळाल्यावर मात्र कंपनीला दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी लागते, त्यातली एक स्थानिक भाषेत, बहुधा सात दिवसांच्या आत. आपल्या किनाऱ्यावर खाण येतेय हे त्या जाहिरातीतून कळेल, त्या दिवशीचा पेपर घेतला असेल तर.